शेवाळी स्वेटरचा गळा

भंडारा
२२ ऑक्टोबर १९७८

आई,

वर काय लिहायचं यातच दोन कागद फुकट गेले. तोंडात आई बसलं आहे, तेच लिहिलं.

तुमच्या घरून आले त्याला सात महिने झाले. निघताना मी तुमच्याशी बोलले नाही. बाबा बसस्टँडपर्यंत आले होते. गाडी हलेपर्यंत त्यांनी खिडकीचा गज धरून ठेवला होता. नंतर रोज पत्र टाकायचं ठरवलं आणि टाकलं नाही. आज टाकते आहे तेही काम घेऊन. राग मानू नका.

ह्यांचा शेवाळी स्वेटर तुमच्याकडे असेल. तुम्ही विणलेला, पुढून व्ही गळ्याचा. तो मला हवा आहे. पण तसाच नको. त्याला दुमडीचा गळा लावून द्याल का? हल्ली बायकांच्या स्वेटरला असतो तसा, उंच आणि सैल विणून खाली दुमडलेला, गळ्याभोवती घोळ पडणारा. इथल्या शाळेतल्या एका बाईंच्या अंगात मी पाहिला. एवढं मोठं काम मला जमणार नाही, आणि त्या रंगाची लोकर कुठे मिळेल तेही तुम्हालाच माहीत.

इकडे यंदा थंडी लवकर पडेल म्हणतात.

बाबांचा खोकला कसा आहे?

गोपिका


नंदनवन, नागपूर
२९ ऑक्टोबर १९७८

गोपिका,

तुझ्या नावामागे काय लिहायचं ते मलाही कळलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

यांचा खोकला बरा आहे. सकाळी सक्करदऱ्याच्या तळ्यापर्यंत फिरून येतात. माझ्या शाळेला दिवाळीची सुटी लागली आहे. नववीच्या दोन तुकड्यांचं मराठी यंदा माझ्याकडे आहे, वह्यांचा ढीग तपासायचा पडला आहे.

स्वेटर घरात नाही. वाडीला सुगत कामाला होता त्या गोदामातला चौकीदार धोंडबा पावसाळ्याआधी भेटायला आला होता. सुगत गेला त्या अपघाताच्या दिवशी त्याचा डबा आणि चपला त्यानंच आणून दिल्या होत्या. गोदामात रात्री गार पडतं म्हणाला, त्याला दिला.

भंडाऱ्याला नागपूरपेक्षा जास्त थंडी पडते हे माझ्या तरी ऐकण्यात नाही. आणि दुमडीचा गळा थंडीसाठी नसतोच, शोभेसाठी असतो. आमच्या शाळेतल्या नव्या शिक्षिका घालतात. थंडी अडवायची तर साधा बंद गळा पुरतो. तुला हवा असेल तर मी नवा विणून देईन. रंग कळव.

यापुढे एक वाक्य लिहून खोडलं आहे. ते वाचायचा प्रयत्न करू नकोस.

यमुना गजभिये


भंडारा
११ नोव्हेंबर १९७८

आई,

खोडलेलं वाक्य मी वाचलं नाही. कागद उजेडावर धरला होता, मग खाली ठेवला.

माझा चुलतभाऊ गोविंदा ट्रक चालवतो. मागच्या आठवड्यात तो अमरावती रोडनं जाणार होता. मी त्याच्याजवळ एक नवी शाल दिली आणि म्हटलं, वाडीला थांब, धोंडबाला ही दे, आणि त्याच्याकडचा स्वेटर मागून आण. गोविंदा परत येऊन जे म्हणाला ते तसंच लिहिते. धोंडबा म्हणाला, "मले कोनी सेटर देल्ला नाही गा. देल्ला असता तं घातला नसता का? तू पाहूनच राहिला न, पोतं पांघरून बसलो मी." मग म्हणाला, "त्याच्या मायनं मले चहा पाजला, रडली, भाकरी बांधून देल्ल्या. सेटरचं काई बोलली नाही." शाल मात्र त्यानं ठेवून घेतली. म्हणाला, "आनलीच हाये तं राहू दे."

तर तुम्ही दुसऱ्या कुणाला दिला असेल. नाव आठवलं की कळवा, मी तिथे जाऊन मागेन.

तुम्हाला वाटेल वासासाठी मागते. तसं नाही. त्याला आता त्यांचा वास नाही हे मला माहीत आहे. चौथ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले तर खुंटी रिकामी होती. बाहेर पाहिलं तर अंगणात दोरीवर तो उलटा टांगलेला, बाह्यांतून पाणी गळत होतं. ते तीन दिवस मी त्या खुंटीखालीच बसत होते, ते तुमच्या लक्षात आलं नसेल. त्यानंतर तुमच्याशी बोलायला माझी जीभच उचलली नाही.

हे मी लिहिणार नव्हते.

गोपिका


नंदनवन, नागपूर
१६ नोव्हेंबर १९७८

गोपिका,

धोंडबा खरं बोलला. मी खोटं लिहिलं. स्वेटर माझ्या ट्रंकेत आहे, माझ्या पातळांच्या खाली, जुन्या पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेला. एक दिवसही घराबाहेर गेलेला नाही.

मी वीस वर्षं डायरी लिहिते. ती माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. २९ तारखेच्या पानावर मी "गोपिकाला उत्तर टाकलं" एवढंच लिहिलं. काय उत्तर टाकलं ते तिथेही लिहिलं नाही. कुणापासून लपवलं? ते पान मी आज परत काढलं आणि त्याखाली खरं लिहिलं. शाई वेगळी दिसते, दिसू दे.

खोडलेलं वाक्यही सांगते, नाहीतर हे अर्धंच राहील. "वर्ष भरलं नाही तोच तुला नटावंसं वाटलं?" असं ते होतं. खोडलं म्हणजे मागे घेतलं असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. पण खोडलं आहे हे तुला सांगितलंच, म्हणजे ते तुला टोचावं अशी माझी इच्छा होती.

आता धुण्याचं. आपल्या घरात सुतक पाळायचं नाही, विटाळ म्हणून काही धुवायचं नाही, हे मीच सगळ्यांना बजावलं होतं. यांच्या बहिणीशी त्यावरून माझं भांडणही झालं. आणि चौथ्या दिवशी सकाळी मी उठले, घरातले सगळे कपडे गोळा केले, रिठे भिजत घातले आणि धूत बसले. लहानपणी माझ्या आजीला मी तेच करताना पाहिलं होतं. डोक्यानं जे सोडलं होतं ते हातांनी केलं. स्वेटर पाण्यात बुडल्यावर माझ्या लक्षात आलं. मी तो लगेच बाहेर काढला आणि नाकाला लावला. रिठ्याचाच वास आला. तू खुंटीखाली बसायचीस हे मला दिसत होतं, गोपिका. मला वाटत होतं, तिथे भिंतीला टेकायला बरं म्हणून बसतेस. तुझा अबोला मी तऱ्हेवाईकपणा समजले आणि माहेरी निघालीस तेव्हा मनात म्हटलं, हिला या घराचं काही नव्हतंच.

तो स्वेटर तू ये आणि घेऊन जा, किंवा गोविंदाला पाठव. मी देईन. पण गळ्याचं सांगू नकोस. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला तो अभ्यास करत बसायचा तेव्हा समोर बसून मी तो विणला. त्यातला एकेक टाका माझ्या हातचा आहे, आणि त्याचं माप मी डोळ्यांनी घेतलं होतं, फितीनं नाही. त्याच्या गळ्याची पट्टी उसवली की तो सुगतचा राहत नाही, कुणाचाही होतो. ते मला होणार नाही. जसा आहे तसा ने. घरात घाल.

यमुना


भंडारा
२५ नोव्हेंबर १९७८

आई,

घरात घालता आला असता तर तुम्हाला त्रास दिला नसता. आता खरं कारण लिहिते. आधी लिहायला हवं होतं. तुम्ही एक खोटं लिहिलंत, मीही थंडीचं लिहिलं होतंच.

१४ जानेवारीला माझं लग्न आहे. परासियाला, तिकडे कोळशाच्या खाणी आहेत तिथे. मनोहर त्यांचं नाव. खाणीच्या ऑफिसात हजेरीचं काम करतात. त्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. "हे" म्हणून आता कुणाविषयी लिहावं ते मला कळत नाही, म्हणून दोघांची नावंच लिहिते.

स्थळ प्रयागबाई मावशीनं आणलं. तुम्ही तिला लग्नात पाहिलं होतं, मोठ्यानं बोलते ती. तीच माझी पेटी भरून राहिली आहे. एकेक वस्तू हातात घेते आणि विचारते, "हे कुठचं वं?" सुगतनी घेतलेली पातळं तिनं काढली, त्यांचा एक बुशकोट होता तोही काढला. आमचा फोटो काढला, तो बाबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कपाटात ठेवला. म्हणाली, "पयल्या घरचा दोराई न्यायचा नाही. सासू पेटी उघडून पायनार हाये तुही. गड्याचा कपडा दिसला तं काय सांगशीन, भावाचा हाय म्हनून? तुले भाऊ हाय काय?" मी म्हटलं, गोविंदा आहे. तर म्हणाली, "गोविंद्याच्या अंगात तो बुशकोट तरी बसते काय, म्हैस हाये तो."

हसू आलं मला, आई. पण ती बरोबर बोलत होती. पुरुषाचा व्ही गळ्याचा स्वेटर पेटीत असला की कुणाचा ते विचारायचीही गरज नाही. दुमडीचा गळा लावला तर तो बायकी स्वेटर होईल. माझाच होईल. पेटीच्या तळाशी लपवावा लागणार नाही, अंगात घालून सगळ्यांसमोर चुलीपाशी बसता येईल. कुणी विचारणार नाही. म्हणून गळा.

जबरदस्ती कुणी केली नाही. मी हो म्हटलं. मनोहर दोनदा येऊन गेले. पहिल्या बायकोची पातळं वाटून टाकली असं सांगताना ते खाली पाहत होते. माणूस वाईट नाही. मी बावीस वर्षांची आहे आणि मला माझं घर हवं आहे. तुम्हाला हे लिहिताना मान वर होत नाही.

पण तुम्ही नाही म्हटलंत तर तो तुमच्याकडेच राहू दे. तसाच मी नेऊ शकत नाही.

गोपिका


(पोस्टकार्ड)
भंडारा
१४ डिसेंबर १९७८

आई यांना जयभीम. मागच्या महिन्यात विणकामाविषयी लिहिलं होतं. ते मिळालं असेल. कार्डावर जास्त लिहीत नाही, ते हातोहात फिरतं. आजपासून बरोबर एक महिना आहे. जमत नसेल तर तसं एका ओळीनं कळवावं, म्हणजे मी वाट पाहणार नाही. बाबांना नमस्कार.

गोपिका


नंदनवन, नागपूर
२२ डिसेंबर १९७८

गोपिका,

तुझं २५ तारखेचं पत्र मला २८ ला मिळालं. चोवीस दिवस मी उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होते. वेळ होता.

सात वर्षांपूर्वी महिला मंडळात मी विधवांच्या पुन्हा लग्नावर भाषण केलं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते भाषण अजून कपाटात आहे, मी ते काढून वाचलं. त्यात एकही चुकीचं वाक्य नाही. आणि तुझं पत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं? मी बोटांवर महिने मोजले. सुगत गेला तो जानेवारी ते तुझ्या लग्नाचा जानेवारी. बारालाही पाच दिवस कमी. जिनं ते भाषण लिहिलं ती आणि जिनं बोटं मोजली ती, दोघी मीच. दुसरी जास्त खरी असावी अशी मला भीती वाटते.

पत्र मी यांना दाखवलं नव्हतं. तुझं कार्ड आलं ते यांच्याच हातात पडलं. मग सगळं सांगावं लागलं. तू ओळखतेस यांना, सुगत गेल्यापासून घरात "जेवून घे" आणि "दार लाव" याशिवाय बोलत नाहीत. पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "पोरीनं तुले परवानगी नाही मागितली वं. गळा मागितला."

मी म्हटलं, त्या रंगाची लोकर आता मिळत नाही. मी इतवारीत विचारून आले होते, तेही उत्तर द्यायला नको म्हणून, कारण मिळावं म्हणून. हे उठले, आत गेले आणि त्यांचा मफलर आणून माझ्यापुढे ठेवला. उरलेल्या लडीतून मी यांना विणला होता तो. म्हटलं, "मग थंडीत फिरायला जाताना काय गुंडाळाल?" म्हणाले, "टॉवेल. तळ्यावरचे बगळे काय हसून राहिले मले?"

मफलर उसवला. लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून भिजवली, वजन लावून दोन दिवस टांगली, तेव्हा तिच्या वळ्या सुटल्या. मग स्वेटर बाहेर काढला. गळ्याची पट्टी उसवून टाके उचलायचे असं ठरवलं होतं. सुईनं टोक शोधलं आणि दोन ओळी उसवल्या आणि थांबले.

ती पट्टी माझी नाही.

मी घट्ट विणते. लहानपणापासून माझा हात तसाच आहे, दोरा बोटावर दोनदा गुंडाळते. ती पट्टी सैल आहे. टाके मोठे आहेत, एका ठिकाणी सुलट-उलटचा क्रम चुकला आहे आणि पुढच्या ओळीत सावरला आहे. मी चूक झाली तर उसवते, सावरून पुढे जात नाही. खिडकीत नेऊन पाहिलं. खालचं अंग माझं, गळा दुसऱ्याचा. अकरा महिने मी तो स्वेटर उघडून बघते आहे, आठवड्यातून दोनदा तरी. एकेक टाका माझ्या हातचा असं तुला ठणकावून लिहिलं. आणि माझ्या मुलाच्या मानेला लागत होतं तेवढंच नेमकं माझं नव्हतं, हे मला कळलं नाही.

तूच ना ती? केव्हा केलीस? का केलीस, ते लिही. मला राग नाही. मला ते माहीत हवं आहे.

यमुना


भंडारा
२९ डिसेंबर १९७८

आई,

मीच.

लग्नानंतरचा पहिला हिवाळा. स्वेटर त्यांना गळ्याशी घट्ट व्हायचा, मानेवर लाल वळ उठायचा. तरी रोज घालून जायचे. काढताना म्हणायचे, "मायनं लहानपनापासून आवळून धरलं मले, सेटरातई सोडत नाही." मी म्हटलं, आईंना सांगते, सैल करून देतील. तर हात धरून म्हणाले, "नको सांगू. तिले वाटंन तिचा हात चुकला. मंग रातभर डायरी लिहीत बसंन."

म्हणून तुम्ही शाळेत गेल्यावर तीन दुपारी मी ती पट्टी उसवली आणि तीच लोकर सैल करून परत विणली. मला फक्त शाळेत शिकवलेलं सुलट-उलट येत होतं. एका जागी चुकलं ते मला माहीत आहे. उसवायला वेळ नव्हता, तुमची यायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी ते तो घालून निघाले तेव्हा तुम्ही दारात त्यांची कॉलर नीट केलीत आणि म्हणालात, "बघ, दोन वर्षं झाली तरी आकार जरा हलला नाही. हाताचं विणकाम असं असतं." ते "हो न" म्हणाले आणि काही विसरलं म्हणून परत आत आले. आम्ही दोघं स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसलो. त्यांनी माझाच पदर घेतला होता.

तुम्हाला हसलो म्हणून नव्हे. का ते मला अजून सांगता येत नाही. आमचं दोघांचंच असं घरात काही नव्हतं, तेवढं एक झालं होतं.

आई, आता वाटतं हे न सांगितलेलं बरं होतं. तुमच्याकडे जे होतं त्यातलंही मी थोडं काढून घेतलं.

गोपिका


नंदनवन, नागपूर
७ जानेवारी १९७९

गोपिका,

पार्सल काल पोस्टात टाकलं. रजिस्टर केलं आहे, तुझ्याच हातात दे असं सांगून.

काढून घेतलं असं लिहू नकोस. तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. पदराच्या जागी आलं तेव्हा हे हसले. वर्षात पहिल्यांदा. मग भिंतीकडे तोंड करून बसले, आणि मी पुढचं मनातच वाचलं. आपला हसणारा मुलगा, दारात माझ्यापुढे "हो न" म्हणून आत पळणारा, तो आम्हाला माहीतच नव्हता. तू दिलास.

आता गळ्याविषयी, म्हणजे तुला घालताना कळेल.

तुझी पट्टी मी उसवली नाही. आधी उसवलेल्या दोन ओळी परत विणल्या. तुझ्यासारखा सैल हात धरायचा खूप प्रयत्न केला, जमला नाही, वरच्या दोन ओळी आवळलेल्या दिसतील. नवा गळा पट्टीच्या आतून, तिच्या मुळाशी टाके उचलून विणला आहे. व्हीच्या टोकाशी दोन्ही कडा एकमेकींवर चढवून शिवल्या, म्हणून समोर खाच दिसत नाही. वीतभर उंच झाल्यावर उलट-सुलट बदललं, कारण दुमडल्यावर आतली बाजू वर येते. पहिल्यांदा मी ते विसरले आणि दुमडल्यावर गळ्याचा उलटा भाग बाहेर आला, तेव्हा सगळं उसवून पुन्हा केलं. एकूण दोन विती विणलं आहे. दुमडून खाली घेतलंस की तुझी पट्टी पूर्ण झाकली जाते. बोट आत घातलं तर हाताला लागेल. डोळ्यांना कुणाच्याही दिसणार नाही.

मोठ्या सुया घेतल्या, म्हणून गळा सैल झाला आहे. मफलरचा रंग उन्हानं थोडा उतरला आहे. कुणी विचारलं तर हल्ली दोन छटांची पद्धत आहे म्हण.

बाह्या तुला लांब होतील. मी त्या आखूड करायला घेतल्या होत्या. मग तशाच राहू दिल्या. मनगटाशी एक घडी घाल.

लग्नाला तू बोलावलं नाहीस ते बरोबर केलंस. बोलावलं असतंस तर मी आले असते, आणि मांडवात कुणीतरी विचारलं असतं की या कोण. तुला काय सांगता आलं असतं? तसंच पत्रांचं. तिकडे तुझी पत्रं घरात उघडली जातील. म्हणून यापुढे तू लिहू नकोस. हे मी रागानं लिहीत नाही, हे तुला कळेल अशी आशा आहे. लिहावंच लागलं कधी, तर आई म्हणून लिहू नकोस. ही पत्रंही जाळ. तुझी माझ्याकडची मी जाळणार होते. जाळलेली नाहीत, हे खरं सांगते.

डायरी पुढ्यात घेऊन मी रोज स्वतःला विचारते की मी हा गळा तुझ्यासाठी केला की माझ्यासाठी, म्हणजे त्याचं काहीतरी कुणाच्या तरी अंगावर चालतं-फिरतं राहावं म्हणून. उत्तर अजून आलेलं नाही. तू घाल. उत्तराची वाट पाहू नकोस.

मनोहर यांना सांभाळ. ज्या माणसाला मेलेल्या बायकोविषयी बोलताना खाली पाहावंसं वाटतं त्याच्याजवळ तुला भीती नाही.

तुझं मंगल होवो.

यमुना, आणि बाबा. त्यांनी स्वतःच्या हातानं खाली सही केली आहे.

मधुकर गजभिये


परासिया
११ फेब्रुवारी १९७९

श्रीमती यमुनाबाई गजभिये यांना जयभीम.

आपण विणून दिलेला स्वेटर मिळाला होता, तो मी घालते. इकडे थंडी फार असल्यामुळे अजूनही सकाळी घालावा लागतो. घरात सर्वांना आवडला. सासूबाईंनी गळा हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, कोणी विणला. मी सांगितलं, नागपूरच्या एक ओळखीच्या बाई आहेत, शाळेत शिकवतात आणि विणकामही करतात. त्या म्हणाल्या, "हात लई साफ हाय बाईचा."

हे पत्र सासूबाईंच्या सांगण्यावरून लिहीत आहे. त्या शेजारी बसल्या आहेत. त्यांची इच्छा आहे की असाच एक स्वेटर आपण यांच्यासाठीही विणून द्यावा. रंग कोणताही गडद चालेल, इकडे कोळशाची धूळ फार. गळा पुढून व्ही असावा असं त्या म्हणतात, कारण पुरुषांना तोच शोभतो. छातीचं माप अडतीस आहे. मी त्यांना सांगितलं की बाई कामात असतात, जमेल की नाही माहीत नाही. त्या म्हणाल्या, "इचारून तं पाय, नाही म्हनंन तं नाही म्हनंन."

म्हणून विचारत आहे. आपल्याला शक्य नसेल तर तसं कळवावं. कोणीही वाईट वाटून घेणार नाही.

आपली,
सौ. गोपिका मनोहर रामटेके


नंदनवन, नागपूर
१९ फेब्रुवारी १९७९

सौ. गोपिकाबाई यांना जयभीम.

आपलं पत्र मिळालं. स्वेटर आपल्याला नीट बसला आणि घरात पसंत पडला हे वाचून समाधान वाटलं. आपल्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा.

आठ दिवस उत्तर लिहायला लागले, त्याबद्दल माफी असावी.

काम मी घेते. शाळेच्या परीक्षा होईपर्यंत वेळ कमी आहे, पण उन्हाळ्याच्या सुटीत दुपार मोकळी असते, तेव्हा विणून होईल. पुढची थंडी पडायच्या आत पोहोचेल. लोकर मी इथेच बघेन. तपकिरी रंगावर धूळ कमी दिसते, तो चालेल का ते विचारून घ्यावं.

छातीचं माप कळलं. ज्यांच्यासाठी विणायचं त्यांना मी पाहिलेलं नाही, म्हणून बाकीची मापंही लागतील. खांद्यांची रुंदी पाठीमागून घ्यावी. मान किती, तेही मोजावं. आणि बाहीची लांबी खांद्यापासून मनगटापर्यंत पाठवावी. मोजताना त्यांना हात कोपरात थोडा वाकवून ठेवायला सांगावं. सरळ हातावर मोजलं की बाही आखूड पडते.

यमुना गजभिये